म्युनिक ते नॉयश्वानस्टाइन: एका दिवसाच्या प्रवासाचं गणित शेवटाकडून मांडा

आमच्या म्युनिकच्या घरी भारतातून कुणीही आलं, की दुसऱ्या नाही तर तिसऱ्या दिवशी नॉयश्वानस्टाइनचा विषय निघतो. डोंगराच्या सोंडेवर बसलेला, टोकदार बुरुजांचा तो पांढरा किल्ला सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेला असतो. मग विचारणा सुरू होते, ‘सकाळची गाडी किती वाजता आहे?’ मी म्हणते, गाडीचं नंतर बघू, आधी किल्ल्यात शिरायची वेळ ठरवू. माझे बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुणी गावाला निघालं की ते पहिल्यांदा विचारायचे, ‘तिथे किती वाजता पोचायला हवं?’ आणि तिथून मागे मागे येत निघायची वेळ सांगायचे. नॉयश्वानस्टाइनला हीच रीत लागू पडते, कारण या सबंध दिवसात न हलणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे प्रवेशतिकिटावर छापलेली वेळ. रेल्वे चुकली तर तासाभराने दुसरी मिळते, बस चुकली तर पुढची येते. ती वेळ चुकली की तिकीट बाद होतं.

किल्ला आतून फक्त मार्गदर्शकाबरोबर, गटागटाने बघता येतो. फेरी अर्ध्या तासाची असते आणि गट मिनिटाच्या हिशोबाने आत सोडतात. उन्हाळ्यात दिवसाला सहा हजारांपर्यंत माणसं येतात, त्यामुळे उशिरा आलेल्याला पुढच्या गटात सामावून घ्यायला जागाच नसते. २०२५ च्या जुलैमध्ये, हा किल्ला बांधणाऱ्या लुडविग राजाच्या चार वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. नॉयश्वानस्टाइन त्यांतलाच एक, तेव्हा गर्दी कमी होईल ही आशा धरू नका.

चार तासांचा हिशोब

समजा तुमच्या तिकिटावर दुपारी २ ची वेळ आहे. किल्ल्याच्या चौकात पावणेदोनला उभं असायला हवं. पायथ्याचं गाव होहेनश्वांगाऊ. तिथून किल्ल्यापर्यंत दीड किलोमीटरची चढण आहे आणि ती चालायला चाळीस मिनिटं लागतात. वाटेत मारियनब्र्युक या पुलावर जायचं असेल (आणि जायलाच हवं, कॅलेंडरवरचं दृश्य तिथूनच दिसतं) तर आणखी अर्धा-पाऊण तास धरा. म्हणजे साडेबाराच्या आत गावातून चढायला लागायचं. गावात सव्वाबाराला पोचायचं तर जवळचं रेल्वे स्टेशन फ्युसेन, तिथे बाराला उतरायला हवं. म्युनिक ते फ्युसेन रेल्वेने दोन तास. म्हणजे म्युनिक हाउप्टबानहोफहून, अर्थात मुख्य स्टेशनहून, दहाच्या सुमाराची गाडी.

गाडी सुटण्याची वेळ आणि किल्ल्यात शिरण्याची वेळ यांत चार तासांचं अंतर ठेवा, एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे. हे चार तास मी उगाच सैल धरलेले नाहीत. दहाची गाडी हुकली आणि अकराची मिळाली तर फ्युसेनला एक वाजेल, गावात सव्वा. तिथून पूल सोडून थेट किल्ला गाठला तर पाच मिनिटं कमी दोनला तुम्ही दारात असता. एक चुकलेली गाडी या चार तासांत कशीबशी मावते. तीन तासांचं अंतर ठेवलंत तर दहा मिनिटांचा उशीरही महागात पडेल. तरुण, भरभर चालणारी आणि पूल परतताना बघायला तयार असलेली मंडळी असतील तर साडेतीन तास चालतील. पण बरोबर ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं असतील तर चाराच्या खाली येऊ नका.

आता उलट बाजूने बघा. किल्ला मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून १५ ऑक्टोबरपर्यंत सकाळी ९ ते संध्याकाळी ६ उघडा असतो आणि हिवाळ्यात १० ते ४. २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद. म्हणजे हिवाळ्यात दहाच्या गाडीने निघून दोनची वेळ घेतलीत तर अजून अवसर असतो, पण अकराची गाडी आणि तीनची वेळ म्हणजे अगदी काठावर. हिवाळ्यात शक्य तितकं लवकर निघावं, हे माझं ठाम मत. साडेचारनंतर अंधारायला लागतं आणि जंगलातल्या उतारावर बर्फ असलं तर अंधारात उतरायला नको वाटतं.

प्रवेशतिकीट होहेनश्वांगाऊच्या तिकीट केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी काढून ठेवा. मोठ्यांना वीस युरोंच्या आसपास पडतं आणि माणशी अडीच युरो आरक्षणाचे. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशमूल्य नाही, पण त्यांच्या नावाचं तिकीट मात्र लागतं, कारण गटातली जागा मोजलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात काही आठवडे आधी बघा. बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, शाळांची उन्हाळी सुट्टी ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, त्या काळात तर आणखी आधी. गावातल्या खिडकीवर त्या दिवशीची उरलेली तिकिटं मिळतात, पण दोन तास प्रवास करून गेल्यावर ‘संपली’ हे ऐकायला लागू नये. वेळ निवडताना सगळे सकाळची मागतात. म्युनिकहून येणाऱ्यांनी दीड ते तीनमधली घ्यावी. का, ते पुढे रेल्वेच्या तिकिटात कळेल.

रेल्वेचं तिकीट

इथे दोन पर्याय कामाचे आहेत, बाकीचे विसरा.

पहिला बायर्न-टिकेट. बव्हेरिया राज्यात एका दिवसात हवं तेवढं फिरायला हे चालतं आणि एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. एकट्याला तीस युरोंहून थोडं जास्त, पुढच्या प्रत्येक माणसामागे दहाएक युरो. दर बहुतेक डिसेंबरात नवीन वेळापत्रकाबरोबर बदलतात, म्हणून काढताना बघून घ्या. पाच जणांचं कुटुंब असेल तर माणशी पंधरा युरोंच्या आसपास जाऊन-येऊन, आणि त्यातच म्युनिकमधली यू-बान (भुयारी रेल्वे), एस-बान (उपनगरी रेल्वे), ट्राम, शिवाय फ्युसेन ते होहेनश्वांगाऊची बससुद्धा आली. याहून स्वस्त काही मिळणार नाही.

पण त्याची एक अट आहे आणि या सहलीचं सगळं वेळापत्रक त्या अटीभोवती फिरतं. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ पासूनच चालतं. शनिवार, रविवार आणि राज्यातल्या सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. संपतं मात्र नेहमीच दुसऱ्या दिवशी पहाटे ३ ला, म्हणून परतीची चिंता नाही. आता लक्षात येईल की आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराचं प्रवेशतिकीट घेणं का जमत नाही. नऊच्या आधी निघता येत नाही, नऊनंतरची पहिली गाडी आणि चार तास म्हटलं की दुपारचा एक वाजून जातो. शनिवार-रविवारी सातची गाडी पकडून अकराची वेळ घेता येते, आणि उन्हाळ्यात मला तेच आवडतं. डोंगरावर सकाळचं ऊन असतं आणि सहलींच्या मोठ्या बसगाड्या अजून पोचलेल्या नसतात.

तिकिटावर सगळ्या प्रवाशांची नावं लिहावी लागतात. यंत्रातून कागदी तिकीट काढलंत तर खिशातून पेन काढून लगेच लिहा. तपासनीस आल्यावर लिहायला घेऊ नका, त्याला ते आवडत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. बरोबर ओळखपत्र ठेवा. हे तिकीट जलद गाड्यांना, म्हणजे आयसीई, आयसी, ईसी यांना चालत नाही. फ्युसेनच्या वाटेवर त्यांची गरजही नाही, सगळा प्रवास प्रादेशिक गाडीचाच आहे. विनातिकीट किंवा चुकीच्या तिकिटावर सापडलात तर ६० युरो दंड आहे आणि ‘आम्ही परदेशी आहोत, माहीत नव्हतं’ याने तो टळत नाही.

दुसरा पर्याय डॉइचलांड-टिकेट. मे २०२३ मध्ये हे महिन्याला ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, शहरातली सगळी वाहतूक महिनाभर, आणि नऊची अट नाही. पाहुणे तीन-चार आठवडे राहणार असतील तर मी त्यांना हेच काढायला लावते. फक्त ही मासिक वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. पाहुणे आले त्याच संध्याकाळी रद्द करायचं काम उरकून टाका, चालू महिन्याचं तिकीट तरीही महिनाअखेरपर्यंत चालतं. आणि ते ज्याच्या नावाचं त्यानेच वापरायचं, घरात फिरवायचं नाही.

हाउप्टबानहोफवर

म्युनिकचं मुख्य स्टेशन गेली काही वर्षं बांधकामाखाली आहे. जुनी दर्शनी इमारत पाडली, पत्र्यांच्या आडोशातून वाटा काढल्यात, मागच्या वेळची वाट या वेळी असेलच असं नाही. त्यात फलाटांची रचना तीन भागांत आहे. मधल्या मोठ्या छपराखाली ११ ते २६, डावीकडे बाहेरच्या अंगाला ५ ते १०, आणि उजवीकडे बाहेरच्या अंगाला २७ ते ३६. आपण मोठ्या छपराखाली गाड्यांकडे तोंड करून उभे आहोत असं धरून ही डावी-उजवी सांगते आहे. फ्युसेनची गाडी या उजव्या, बाहेरच्या भागातून सुटत असेल तर यू-बानमधून वर येऊन तिथवर चालायला दहा मिनिटं सहज जातात. सामान आणि ज्येष्ठ मंडळी असतील तर पंधरा. म्हणून स्टेशनात गाडीच्या आधी पंचवीस मिनिटं असा. खाण्यापिण्याची खरेदी फलाट सापडल्यावर करा. आमच्याकडे डब्यात दशम्या आणि चटणी असते, त्यामुळे ती रांग आम्हाला लागतच नाही.

फ्युसेनला काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलो किंवा कॉफबॉयरेनला बदल असतो. वेळापत्रकात शक्यतो थेट गाडी निवडा, अगदी वीस मिनिटं लवकर उठावं लागलं तरी. बदल असेल तर किती मिनिटांचा आहे ते बघा. पाच-सहा मिनिटांचा बदल तरुणांना चालतो, पण जिने चढून दुसऱ्या फलाटावर जायचं असेल तर माझ्या सासूबाईंना तो पुरत नाही. मग मी सरळ आधीच्या तासाची गाडी घेते. गाडीत बसण्यापूर्वी डब्यावरची पाटी वाचा. जर्मनीत एकाच फलाटावरून निघालेली गाडी वाटेत दुभंगून दोन दिशांना जाऊ शकते, तेव्हा आपल्या डब्यावर ‘फ्युसेन’ लिहिलेलं आहे ना, एवढं डोळ्यांनी खात्री करून मगच चढा.

आठवड्याच्या मधल्या दिवशी नऊनंतरच्या पहिल्या गाडीला सगळ्यात जास्त गर्दी असते, कारण बायर्न-टिकेटवाले सगळे तिच्यावरच येतात. आरक्षण नसतं, जो आधी चढेल त्याची जागा. गाडी फलाटाला लागली की लगेच बसून घ्या. फलाटाच्या टोकाकडचे डबे तुलनेने मोकळे असतात, कारण बहुतेक जण पहिल्या दिसलेल्या दारातून आत शिरतात. पहिला तास सपाट शेतं. मार्कटोबरडॉर्फ सोडलं की गाडी हळू होते, एकेरी रुळांवरून कुरणांतून वळणं घेत जाते आणि समोर आल्प्सची भिंत उभी राहायला लागते. त्या वेळी फोन खाली ठेवा. हा फाटा फ्युसेनपर्यंत १८८९ मध्ये पोचला. किल्ला बांधणारा राजा त्याआधी तीन वर्षं वारला होता. त्याने १८६९ मध्ये पाया घातला, १८८६ च्या १३ जूनला त्याचा मृत्यू झाला, आणि ज्या जागी त्याला एकांत हवा होता ती जागा त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला तिकीट लावून लोकांना खुली झाली. रेल्वे येण्याआधीच पर्यटक यायला लागले होते.

फ्युसेन ते पायथा

फ्युसेन हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायचं चुकत नाही. गाडीतली जवळजवळ सगळी माणसं एकाच दिशेने चालायला लागतात, ती बसकडेच. स्टेशनच्या बाहेर लागूनच थांबा आहे. ७३ आणि ७८ क्रमांकाच्या बस होहेनश्वांगाऊला जातात, अंतर चार किलोमीटर, वेळ दहा मिनिटांच्या आत. बसच्या वेळा रेल्वेशी जुळवलेल्या असतात. अडचण जागेची असते. भरलेली गाडी रिकामी झाली की एका बसमध्ये सगळे मावत नाहीत. म्हणून फ्युसेन यायच्या पाच मिनिटं आधी दाराशी उभे राहा. नाहीच मिळाली जागा, तर टॅक्सी असतात, आणि चार जणांत वाटून घेतली तर वेळेच्या मानाने महाग वाटत नाही. प्रवेशाची वेळ जवळ आलेली असताना पुढच्या बसची वाट बघत बसण्यापेक्षा मी टॅक्सी करते. वेळ हाताशी असेल आणि हवा चांगली असेल तर हे अंतर सपाट आहे, तासाभरात चालत गेलं तरी छान वाटतं.

शेवटचा दीड किलोमीटर

सगळं नियोजन नीट करून लोक अडतात ते इथे. गावात उतरल्यावर वर बघितलं की किल्ला अगदी जवळ दिसतो. वर जायला तीन मार्ग आहेत आणि त्यांतला एकही किल्ल्याच्या दारात सोडत नाही. ही गोष्ट मी सगळ्यांना निघण्याआधीच सांगते.

चालत: जंगलातून पक्का रस्ता आहे, चढ सलग आहे, कुठेही अवघड नाही. चाळीस मिनिटं. धडधाकट माणसाने हाच घ्यावा, कारण यात कुणाच्या रांगेवर अवलंबून राहावं लागत नाही.

शटल बस: खाली पी४ वाहनतळाजवळून सुटते आणि मारियनब्र्युक पुलाच्या जवळ सोडते. म्हणजे किल्ल्याच्या वरच्या अंगाला. तिथून किल्ल्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा उतार आहे, आणि तो चांगला तीव्र आहे. तिकीट काही युरोंचं, बायर्न-टिकेट इथे चालत नाही. बर्फ पडलं किंवा रस्ता गोठला की ही बस बंद.

घोडागाडी: हॉटेल म्युलरच्या समोरून सुटते, आधी आरक्षण होत नाही, रांगेत उभं राहून जागा मिळेल तसं बसायचं. ती किल्ल्याच्या खालच्या अंगाला सोडते, तिथून दहा-पंधरा मिनिटांचा चढ. पैसे गाडीवानाला द्यायचे, रोख सुट्टे जवळ ठेवा. येताना उतरणीचं भाडं कमी असतं.

आता निवड कशी करायची? ज्यांना चढताना धाप लागते त्यांना बस. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना घोडागाडी. लोक नेमकं उलटं करतात. बस वरपर्यंत जाते म्हणून सासूबाईंना बसमध्ये बसवावं असंच मनात येतं, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा तीव्र उतार जास्त त्रास देतो, आणि बसनंतर सगळा उतारच आहे. घोडागाडीनंतरचा छोटा चढ त्या काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत, छान चढल्या. दोन्ही त्रास असलेल्या माणसाला मात्र मी खरं सांगते, की किल्ल्याच्या आत दीडशेहून जास्त पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या असतात. त्यांच्यासाठी खाली आल्प्से तळ्याच्या काठी बसणं आणि पिवळ्या रंगाचा होहेनश्वांगाऊ किल्ला लांबून बघणं हाही सुंदर दिवस आहे. तो लुडविगच्या वडिलांनी, माक्सिमिलियनने बांधला, लुडविग लहानाचा मोठा तिथेच झाला आणि समोरच्या कड्याकडे बघत त्याने आपल्या किल्ल्याचं स्वप्न पाहिलं. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी किल्ल्यात उद्वाहनाची सोय आहे, पण ते तिकीट काढतानाच कळवून ठेवायला हवं.

गर्दीच्या दिवशी बस आणि घोडागाडी दोन्हींची रांग अर्ध्या-पाऊण तासाची होऊ शकते. त्यामुळे ‘बसने जाऊ म्हणजे वेळ वाचेल’ हा हिशोब बांधू नका. वाहनाने जायचं असलं तरी वेळ चालण्याइतकाच धरा, थकवा कमी झाला हाच फायदा. आणि गावात पोचल्यावर रांग पाहून एका मिनिटात निर्णय घ्या. अर्ध्या तासाने रांग सोडून चालायला लागलेले लोक वर पोचतात तेव्हा त्यांचा गट आत गेलेला असतो. आमच्या गटाच्या दाराशी असं एक मोठं कुटुंब उभं होतं, नातवंडांना घेऊन आलेलं. सात मिनिटांचा उशीर झाला होता. आजोबा शांतपणे समजावत होते आणि मुलं रडत होती. मला तो दिवस आठवला की मी पाहुण्यांना आणखी अर्धा तास आधी उठवते.

मारियनब्र्युक दरीवर सुमारे नव्वद मीटर उंच आहे. लुडविगच्या आईच्या, राणी मारीच्या, नावावरून तो ओळखला जातो. बर्फात तोही बंद करतात. किल्ला आधी की पूल आधी? हातात तास असेल तर पूल आधी, कारण तिथून उतरत किल्ल्यात जाता येतं. तास नसेल तर किल्ला आधी आणि पूल परतताना. मोठ्या पाठपिशव्या आणि बाबागाड्या आत नेता येत नाहीत, तेव्हा बाळ असेल तर अंगावर बांधायचं कापड किंवा पट्टा घ्या. त्या चढावर बाबागाडी ढकलण्याचा त्रासही वाचतो.

परतताना

परतीला न हलणारी वेळ कुठलीच नसते, म्हणून ती सैल ठेवा. फ्युसेनहून म्युनिकला संध्याकाळपर्यंत साधारण तासाला एक गाडी असते. शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा आधी बघून ठेवा आणि त्यांच्या आधीची पकडायची असं ठरवा, म्हणजे काही बिनसलं तरी मागे एक गाडी शिल्लक राहते. चार ते सहाच्या दरम्यान गावातल्या बसथांब्यावर सकाळसारखीच झुंबड असते. आम्ही बहुतेक वेळा फ्युसेनला उतरून एक गाडी सोडतो. जुना भाग स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे, रंगवलेल्या भिंतींची घरं, खाली लेख नदीचं हिरवट पाणी. ल्यूट हे तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांचा संघ इथे १५६२ मध्ये स्थापन झाला होता, युरोपातला पहिला. जेवून सातच्या गाडीत बसलं की नऊला म्युनिक, आणि गाडीत पाय पसरायला जागा असते.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अंतर १२० किलोमीटरच्या आसपास, ए९६ महामार्गाने लांड्सबर्ग, पुढे बी१७ रस्त्याने शोनगाऊ, श्टाइनगाडेन. शेवटचा बराच भाग साधा दुपदरी रस्ता आहे, त्यामुळे दोन तासांच्या खाली येत नाही, म्हणजे रेल्वेइतकाच वेळ. गावात पोचल्यावर वाहनतळाचे पैसे वेगळे, आणि उन्हाळ्यातल्या रविवारी त्यासाठीही रांग. भारतीय परवान्यावर चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. मोटारीचा खरा फायदा एकच, वाटेत श्टाइनगाडेनजवळची वीसकिर्शे बघता येते. कुरणाच्या मधोमध उभं असलेलं हे चर्च १९८३ पासून जागतिक वारशात आहे. म्युनिकहून सहल कंपन्यांच्या बसही जातात, बहुतेक लिंडरहोफचा राजवाडा जोडून, दहा-साडेदहा तासांची सहल. ज्यांना गाड्या बदलायला जमत नाही त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: किल्ल्याचं प्रवेशतिकीट धरलेलं आहे का, आणि वर चढण्यासाठी किती वेळ देता? दुसऱ्याचं उत्तर दीड तासाहून कमी आलं तर दुसरी कंपनी बघा.

आदल्या रात्री झोपण्यापूर्वी डीबी नॅव्हिगेटर या अ‍ॅपवर आपली गाडी पुन्हा तपासा आणि सकाळी घरातून निघताना आणखी एकदा. जर्मनीत रुळांची कामं सतत चालू असतात, विशेषतः शनिवार-रविवारी, आणि मग काही टप्प्यात रेल्वेऐवजी बस सोडतात. वेळापत्रकात ‘एसईव्ही’ ही तीन अक्षरं दिसली की ती हीच बदली बस. तिचा थांबा स्टेशनच्या बाहेर कुठेतरी असतो, पाटी शोधावी लागते, आणि प्रवास अर्ध्या तासाने तरी लांबतो. त्या दिवशी चाराऐवजी पाच तासांचं अंतर धरा आणि एक गाडी आधी निघा. मधला वार असेल, नऊच्या आधीची गाडी घ्यावी लागत असेल आणि हातात बायर्न-टिकेट असेल, तर गाडी नऊनंतर ज्या पहिल्या स्टेशनवर थांबते तिथपर्यंतचं साधं तिकीट वेगळं काढा. पुढे बायर्न-टिकेट लागू होतं.